अण्णांवर बसवलेली जकात

माझ्या वडिलांवर मी एक कर बसवला होता. सरकारने सिगरेटवर बसवलेला वेगळा, त्याच्या वर माझा.

अण्णांची सगळी नोकरी सांगलीकडच्या एका जकात नाक्यावर गेली. ट्रक अडवायचा, ताडपत्री वर करून माल बघायचा, पावती फाडायची. खाकी शर्ट, कानाला पेन आणि ओठात सिगरेट. आई गेल्यावर मी त्यांना कॅनडात, मी राहतो त्या कनाटा गावी घेऊन आलो. आईवडिलांसाठीचा सुपर व्हिसा काढला, पुढे कायमचं करून टाकायचा बेत होता. गावाकडचं घरही विकायला काढलं. टेलिकॉम कंपनीत बरा हुद्दा, दोन गाड्यांचं गराज, बेसमेंटमध्ये वडिलांसाठी वेगळी खोली आणि वेगळा वॉशरूम. नातेवाइकांत माझा श्रावणबाळ झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

पहिल्याच आठवड्यात ते एकटे कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले.

"अरे, सिगरेटी दिसतच न्हाईत कुठं. मागितल्यावर पोरगी मागचं कपाट किलकिलं करून एक पाकीट काढती. चोरीचा माल असल्यागत. आणि किंमत काय सांगितली ठावं हाय?" त्यांनी बोटांवर रुपये करून बघितले. इथे नवीन आलेला प्रत्येक जण करतो तेच. बोटं मध्येच थांबली. "यात कर किती?"

"बराचसा करच आहे."

"मग बराबर," ते म्हणाले. सरकारी माणूस. कर म्हटल्यावर त्यांची तक्रार संपली.

माझी मात्र तिथून सुरू झाली. वडिलांजवळ स्वतःचे डॉलर नव्हते. पेन्शन तिकडच्या बँकेत पडत होती आणि तिचं कार्ड माझ्याकडे होतं. पाकीट मागायला त्यांना माझ्याचकडे यावं लागायचं. पहिल्यांदा मागितलं तेव्हा मी टीव्हीवरून नजर न काढता म्हणालो, "लोकांनी सोडावी म्हणूनच सरकार महाग करतं, अण्णा." दुसऱ्यांदा म्हणालो, "एका पाकिटाऐवजी अर्धं चालवा." मग मी पाकीट माझ्या कपाटात ठेवायला लागलो आणि रोज सकाळी दोन काढून द्यायला लागलो. एक चहानंतर, एक जेवणानंतर. कुणी विचारलं असतं तर मी काळजी म्हटलं असतं. खरं सांगायचं तर मजा येत होती. ज्या माणसाने मला बारावीपर्यंत हिशेब दिल्याशिवाय एक रुपया दिला नाही, तो हात पुढे करून उभा होता.

इथे हल्ली एकेका सिगरेटवरसुद्धा धोक्याची सूचना छापलेली असते. अण्णा चष्मा लावून ती वाचायचे, इंग्रजी बाजू झाली की फ्रेंच बाजूही निरखायचे. "ओढायच्या आधीच शिव्या देत्यात," म्हणायचे आणि हसायचे. मी हसत नसे.

मग मी एक खोटं बोललो. म्हणालो, कॅनडात कायदा आहे, दारापासून नऊ मीटरच्या आत ओढता येत नाही. असा नियम हॉस्पिटल वगैरेंच्या दाराला असतो, आपल्या घराला नाही. पण अण्णांनी कायद्यावर शंका घेतली नाही. त्यांनी पावलं टाकून अंतर मोजलं. ते ड्राइव्ह-वेच्या पार टोकाला भरलं, जिथे रस्ता साफ करणारी गाडी बर्फाचा ढिगारा लावून जाते. वजा वीसमध्ये माझा जुना पार्का, टोपीवाला जाड कोट, घालून ते त्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभे राहायचे. ग्लोव्ह काढल्याशिवाय लायटर पेटत नाही, म्हणून एक हात उघडा. किचनच्या खिडकीतून बायको म्हणायची, "अहो, गराजमध्ये उभे राहू द्या ना त्यांना." मी म्हणायचो, गराजमध्ये गाड्या आहेत, पेट्रोल आहे.

गराज द्यायचं नव्हतं, कारण गराजमध्ये मी ओढायचो.

सिगरेट मी केव्हाच सोडली होती. माझ्याकडे व्हेप होतं, बॅटरीवर वाफ सोडणारं, आंब्याच्या स्वादाचं. विंटर टायर्सच्या थप्पीमागे उभं राहून दिवसातून सात-आठ वेळा. बायकोला माहीत होतं. अण्णांना कळू द्यायचं नव्हतं, कारण आमच्याकडे बापासमोर ओढत नाहीत. पंचेचाळीस वर्षांचा झालो तरी ती मर्यादा माझ्या अंगातून गेली नव्हती. बापाला बर्फात उभं करायला हरकत नव्हती, फक्त त्याच्या देखत धूर सोडायला लाज वाटत होती. पुढे व्हेपच्या लिक्विडवर केंद्राच्या कराखेरीज प्रांताचाही कर बसला. दुकानदार वैतागून सांगत होता. मी कार्ड टॅप केलं आणि बाटली खिशात टाकली. स्वतःवरचा कर मला जाणवलासुद्धा नाही.

कॉलेजात आम्ही तिघं मित्र गल्लीच्या वळणाआड उभे राहून ओढायचो. अण्णा ड्युटीवरून सायकलवर यायचे ते नेमक्या त्या वळणाअलीकडे घंटी वाजवत. आम्ही विझवून पुस्तकं उघडायचो. त्यांना रिकाम्या रस्त्यावरही घंटी वाजवायची सवय होती आणि तिच्यामुळे आम्ही बचावायचो. तीन वर्षांत एकदाही सापडलो नाही. आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो.

कनाटात त्यांना खोकला सुरू झाला. बाहेरून ओढून ते गराजच्या बाजूच्या दाराने आत येत, आणि त्या दाराशीच त्यांना उबळ यायची. चांगली मोठी, दोन-तीनदा. मग जरा थांबून कडी वाजायची. तोवर माझं व्हेप खिशात गेलेलं असायचं आणि मी टायरशी काहीतरी करत असायचो. "बघा," मी म्हणायचो, "ऐकलंत का स्वतःला? छाती खलास झालीय तुमची." ते बूट झटकायचे आणि खाली जायचे.

मी त्यांना फॅमिली डॉक्टरकडे नेलं. तिने छाती तपासली, एक्स-रे काढवला आणि म्हणाली, वयाच्या मानाने उत्तम आहे. तिथे अण्णा एकदाही खोकले नाहीत. मी तिच्यावरच चिडलो, घरी कसे खोकतात ते नक्कल करून दाखवलं. अण्णा स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून मी दोनाची एक केली. खोकल्याचं कारण हातात होतंच.

"बाळा," तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी जन्मभर नाका सांभाळलाय. कर लई वाढवला की गाडी थांबत न्हाई. आडवाटेनं जाती."

मला वाटलं, म्हातारा जुन्या गोष्टी सांगतोय. पण अण्णांची गाडी आडवाटेला लागली होती. हिवाळ्यात इथले म्हातारे मॉलमध्ये फेऱ्या मारायला जातात. तिथे त्यांना एक पंजाबी गृहस्थ भेटले, दोघांचं हिंदी एकमेकांपेक्षा वाईट, आणि त्यांच्याकडून मिळाली एक पारदर्शक झिपची पिशवी, विनाकराच्या सिगरेटींनी भरलेली. पाकीट नाही, छाप नाही, सूचना नाही. बदल्यात अण्णांनी काय दिलं ते मला नंतर समजलं. नाक्यावरून निवृत्त होताना मिळालेलं मनगटी घड्याळ.

पिशवी मला त्यांच्या स्नो बुटात सापडली. रविवारची सकाळ होती. आरडाओरडा केला असता तरी बरं झालं असतं. मी त्यांना वर किचनमध्ये बोलावलं, सिंकला बूच लावलं, पाणी सोडलं आणि पिशवी उलटी केली. मग हाताने दाबून दाबून त्या भिजवल्या. पाणी चहासारखं झालं. माझी नऊ वर्षांची मुलगी सीरिअल खाता खाता थांबली.

"Daddy, why are you doing that to Ajoba?"

"कारण आजोबा चोरटा माल घेतात," मी म्हणालो. "जन्मभर दुसऱ्यांचा पकडला आणि आता स्वतः घेतात."

हे वाक्य मला ऐन वेळी सुचलं नव्हतं. जिना चढताना जुळवलं होतं.

अण्णा सिंककडे बघत राहिले. मग मुलीच्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, "मला परत पाठव."

"तिकडे कोण आहे तुमचं?"

"टपरी हाय."

मी पाठवलं. थांबा म्हणालो नाही, वाटलं दोन महिन्यांत स्वतःच फोन करतील. घर अजून विकलं गेलं नव्हतं, तेवढं त्यांचं नशीब. एअरपोर्टवर त्यांनी पार्का काढून घडी घालून माझ्या हातात दिला आणि शर्टावर आत गेले.

फोन आला नाही. मीच करायचो, रविवारी, गराजमधून, व्हिडिओवर. अण्णा ओट्यावर बसलेले असायचे, शेजारी चहाचा पेला, बोटांत सिगरेट. माझ्या देखत ओढायला बापाला कसली आडकाठी? तीन-चार रविवार गेले आणि माझ्या लक्षात आलं की ते खोकत नाहीत. एकदा मुद्दाम अर्धा तास बोलत ठेवलं. गाय, नळाचं पाणी, शेजाऱ्याचं लग्न. एकदाही नाही.

"अण्णा, खोकला बरा झाला वाटतं?"

"मला कुठला रं खोकला?"

"इथे व्हता की. गराजच्या दाराशी." माझ्याही तोंडात त्यांची बोली आली.

त्यांनी राख झटकली. 

"सायकल कुठं हुती तिथं?" ते म्हणाले. "घंटी न्हाई, काय न्हाई. म्हणून खोकायचो. तू आत असायचास न्हवं? आंब्याचा वास पार ढिगाऱ्यापातूर यायचा."

मला गल्लीतलं वळण आठवलं, तीन वर्षांत एकदाही न सापडलेले आम्ही तिघं आठवलो, आणि डॉक्टरसमोर खोकल्याची नक्कल करणारा मी. त्या खोकल्यावरच तर मी त्यांची दुसरी सिगरेट तोडली होती.

"अण्णा, परत या," मी म्हणालो. "गराजमध्ये ओढा. घरात ओढा. कायदाबियदा काही नाही, मी खोटं बोललो होतो."

"ठावं हाय," ते म्हणाले. "शेजारचा गोरा त्याच्या पायरीवर बसून ओढायचा की रोज. नको आता. तुला गराज लागतंय."

व्हेप माझ्या उजव्या हातात होतं, फोनच्या खाली, आणि नकळत मी ते ओठापर्यंत आणलं होतं. अण्णांनी लगेच तोंड फिरवलं, भिंतीकडे बघितलं आणि दोनदा खोकले.