तीन वाजताच्या वर्गाचा ठराव

नाशिकमधल्या आमच्या प्रौढ साक्षरता वर्गाला अकरा जणी येत. सगळ्या घरकाम करणाऱ्या. वर्ग समाजमंदिरात दुपारी तीनला भरे. समाजमंदिराच्या समितीने तो सकाळी अकराला घ्यायला सांगितलं. त्या वेळी या बायका कामावर असतात, म्हणजे वर्ग बंदच पडणार होता. सह्यांचा लेखी ठराव आणा, मग बघू, असं समिती म्हणाली.

त्याच आठवड्यात युरोपातल्या नागरी संस्थांच्या आघाडीची एक प्रतिनिधी वर्ग पाहायला आली. शिकणाऱ्यांनीच ठरवायचं, ही त्यांची पद्धत. तिने चिठ्ठ्या वाटून हवी ती वेळ लिहायला सांगितली. वर्गाला शिकवणारा मीच दुभाष्या होतो.

बायकांनी बराच वेळ मन लावून लिहिलं. चिठ्ठ्या उघडल्या तर प्रत्येकीवर फक्त लिहिणारीचं नाव.

सर्वांत वयस्क मावशी मला म्हणाल्या, "मॅडमला सांगा, आत्ताशी नावापर्यंत आलोय. घड्याळ पुढच्या महिन्यात हाय."

"मग वेळ कोणती लिहू?"

"तीन. अकराला आमची भांडी तुम्ही घासणार का, सर?"

बाकीच्या हसल्या. मी तीन वाजताचा ठराव लिहिला. त्याखाली पाहुणीने त्या अकरा चिठ्ठ्या डिंकाने ओळीने चिकटवल्या. समितीला सह्याच हव्या होत्या. वर्ग तीनलाच राहिला.