कुंकू लावलेला चेक

खारदांड्याचं ते कोळी जोडपं पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेलं मला आजही दिसतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, मी नवा उपनिरीक्षक. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. त्यामुळे कायद्यावर माझी भारी श्रद्धा.

नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ यांची सामाईक होडी होती. कुर्ल्याच्या एका दलालाने चेक देऊन ती घेतली. रिवाजाप्रमाणे नारळ फुटला आणि होडी त्याच दिवशी गेली. चेक मात्र वटला नाही. धाकट्याला वाटलं, भावाने आपला वाटा गिळला. त्याने भावाच्या घराची पायरी चढणं सोडलं.

"चेक कुठे आहे?" मी विचारलं.

"दर्यात सोडला," बाई म्हणाली.

"का?"

"देव्हाऱ्यात ठेवून कुंकू लावलेलं त्याला. मग बँकेत घातला, तर परत आला. पूजलेला कागद कचऱ्यात कसा टाकू रे सायबा?"

सोबत आलेली बँकेची चिठ्ठीही तिने सोडली होती.

खबऱ्याने सांगितलं, दलाल भांडुपला मेहुण्याकडे लपलाय. आणला. होडी मोडून त्याने लाकूडही विकलं होतं.

"मी चेक दिला, त्यांनी पैसे उचलले. परत आला म्हणता? मग दाखवा ना साहेब!" तो हसत म्हणाला.

दाखवायला काहीच नव्हतं. मी दलालाच्या बँकेत गेलो. चेक तपासणारा कारकून ऐकताच म्हणाला, "कुंकवाचा ना? सहीवर डाग होता म्हणून मी निरखून पाहिला. सही बरोबर होती, खात्यात पैसे नव्हते. मीच परत पाठवला." त्याचा जबाब आणि खात्याचा प्रमाणित उतारा कोर्टात टिकला. चेक दिला तेव्हाही खातं रिकामंच होतं, हे सिद्ध झालं. दलालाला शिक्षा झाली.

निकाल सांगायला मी मुद्दाम धाकट्याकडे गेलो. तो जाळं विणत होता. मी सगळं समजावलं. त्याने मान वर केली नाही.

"कोर्टाला पटलं ना? मंग झालं," म्हणाला.

"तुला पटलं का?"

तो विणत राहिला.

गुन्हा सिद्ध करणं मी पुस्तकांतून शिकलो होतो. तुटलेल्या माणसाला परत आणण्याचं कलम कुठेच नसतं, हे त्या दिवशी कळलं. परतताना मोठ्याचं घर लागलं. बाई दारात उभी होती. तिने विचारलं, "येतो म्हणाला का रे?"