पांढऱ्या पेशींना गाऱ्हाणं

शालूकाकी, मी गाव सोडलं त्या सकाळी आईने परसातल्या फणसाखाली जागेच्या देवाला, राखणदाराला, नारळ ठेवला होता. रिक्षा खालच्या वाटेवर हॉर्न मारत होती. बाबा आदल्याच वर्षी गेलेले, त्यामुळे राखणदारापुढचं मागणं, ते गाऱ्हाणं, आईनेच घातलं. बायका घालत नाहीत, असं कोणीतरी पुटपुटलं, पण तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "बा राखणदारा म्हाराजा, माझा चेडू मुंबयक चल्ला. जंय जायत थंय तेका सांभाळ रे म्हाराजा!" शेजारणीच्या नात्याने तू आलीस, काका आले, आणि तुम्ही सगळ्यांनी मोठ्याने "होय म्हाराजा" म्हटलंत. मी नाही म्हटलं. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेली मुलगी, मला नुसती लाज वाटत होती आणि गाडी चुकायची काळजी होती.

मुंबईत मी काय करते, असं तू दर गणपतीत विचारतेस आणि मी "रक्त तपासते" म्हणून वेळ मारून नेते. आज खरं सांगते. अंधेरीच्या एका लॅबमध्ये मी कॅन्सरच्या गाठींचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली बघते, आणि त्या गाठींत शिरलेल्या पांढऱ्या पेशी शोधते. शाळेत आपल्याला शिकवलं होतं की पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. काही पेशी गाठीशी खरंच लढतात. पण काही जणी तिला न भरलेली जखम समजून धावत येतात आणि जखमेवर जे करायचं तेच करतात. नव्या रक्तवाहिन्या आणतात, वाढीचा खुराक देतात, बाजूची जागा मोकळी करतात, आणि लढणाऱ्यांना सांगतात, आता पुरे, शांत व्हा. गाठ त्यांच्या जिवावर पोसली जाते. फितुरी कोणाचीच नसते. त्या आपलं नेहमीचं काम इमानाने करत असतात, आणि मला भीती वाटते ती नेमकी याचीच. वाईट हेतूने कोणी वागलं तर निदान रागावता तरी येतं.

इतकी वर्षं या गाठी कोण कुठल्या लोकांच्या होत्या. मी बघायचे, टिपून ठेवायचे आणि डबा खायला जायचे. मग आईच्या छातीत गाठ निघाली.

तिने घराला कुलूप लावून किल्ली तुझ्याकडे दिली आणि ती माझ्याकडे जोगेश्वरीला आली. आल्या आल्या पाणीसुद्धा प्यायच्या आधी विचारते, "हंयचो राखणदार कोण?" मी म्हटलं, "आई, इथे सिक्युरिटी असते." मग ती पाणी प्यायली. मला वाटलं, पटलं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला. गेटजवळच्या वडाखाली नारळ, तांदूळ, हळद-कुंकू. खाली मेसेजवर मेसेज. कोणीतरी करणी केली आहे, सीसीटीव्ही तपासा, पोलिसांना कळवा. वॉचमन तर त्या झाडाखालची खुर्ची उचलून पार्किंगमध्ये जाऊन बसला. सेक्रेटरींना समजावताना माझी पुरती वाट लागली. आई आपली बाल्कनीत उभी. "जागेत रवाचा, तर जागेवाल्याक सांगूक नको?" तिच्या दृष्टीने तिने फक्त रीतसर ओळख करून दिली होती. त्या दिवशी आम्ही दोघी खूप हसलो. आजारपण सुरू झाल्यापासून तेवढंच एक हसणं.

तिच्या गाठीचा काप आमच्याच लॅबमध्ये आला आणि तो मी स्वतः बघितला. बघायला नको होता. सहकारी म्हणाली होती, "तू नको यार, मी बघते ना." पण राहवलं नाही. काठाकाठाने त्याच पेशी दाटून बसलेल्या, रोज बघते तशाच. फरक इतकाच की या आईच्या होत्या. घरी आले तर तिने चेहरा बघून ओळखलं. "काय दिसला ता माका सांग." तिच्यापुढे मला खोटं जमत नाही. सगळं सांगितलं, राखणच उलटली आहे, असं म्हणून रडले.

ती वालाच्या शेंगा मोडत होती. हात न थांबवता म्हणाली, "उलटाक नाय गो. राखणदार जागेचो आसता, माणसांचो नाय. जागेत जो रवता, तेका तो राखता. ह्यो चोर आसा, ह्या तेंका कोणीच सांगूक नाय."

काकी, मी इतके रिसर्च पेपर वाचले, पण इतकं सरळ कोणी लिहिलेलं मला आठवत नाही. पण त्याने भीती कमी झाली नाही. उलट वाढली, कारण आता ती मला आपल्या भाषेत कळली होती.

मग केमो सुरू झाली. केमोने गाठीबरोबर पांढऱ्या पेशीही मरतात. त्या वाढाव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी पोटात इंजेक्शन द्यायचं असतं, आणि ते मीच घरी द्यायचं ठरलं. डॉक्टरबाईंना मी विचारलं, ज्या पेशी गाठीला पोसतात, त्यांच्याच भाईबंदांना आपण आणखी बोलवायचं? त्या वैतागल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, लॅब जरा बाजूला ठेव ना. पेशी कमी झाल्या तर साध्या तापाने ती जाईल. ती भीती आजची आहे. तुझी भीती पुढची आहे, तिच्यासाठीच ही केमो आहे." पटलं. डोक्याला पटलं, हाताला नाही.

संध्याकाळी फ्रिजमधून सिरिंज काढून ठेवली, कापसाने जागा पुसली, आणि सुई हातात धरून मी तशीच बसून राहिले. हात पुढे जाईना. मी कोणाला बोलावते आहे, कोणाच्या राखणीला, तेच मला कळेना.

आईने माझ्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पोटावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून फणसाखालच्या त्याच आवाजात सुरू केलं. "बा आतल्या राखणदारांनो, म्हाराजा! तुमचो काय दोष नाय. पण घरात चोर शिरलो हा. तेका ओळखा, तेका राखू नकात रे म्हाराजा!"

ती थांबली. गाऱ्हाण्यात तिथे थांबावंच लागतं. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"होय म्हाराजा," मी म्हटलं. आवाज फाटला होता.

"आणि ह्या माझ्या चेडवाक लय भय वाटता. तेचा भय काढून टाका रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा."

मी सुई टोचली. ती जरासुद्धा कळवळली नाही. म्हणाली, "झाला? चल, जेवया."

औषध लागू पडतं आहे की नाही ते अजून कळलेलं नाही. रोज सकाळी तिचं कपाळ गार लागलं की मी श्वास सोडते. घर म्हणजे गावचं ते कौलारू, असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि जोगेश्वरीला मुक्काम म्हणत होते. आता वाटतं, एकीने मागणं घालावं आणि दुसरीने होय म्हणावं, एवढ्याने घर होतं. म्हणूनच जास्त भीती वाटते. होय म्हणायला मी शिकले गं, पण मागणं घालणारीच राहिली नाही तर मी होय कशाला म्हणू?

पुढच्या इंजेक्शनच्या वेळी मी तुला फोन लावीन, स्पीकरवर ठेवीन. तू किल्ली घेऊन आमच्या परसात जा, फणसाखाली उभी राहा, आणि आई थांबली की मोठ्याने होय म्हण. माझा एकटीचा आवाज कमी पडतो.