लसीच्या दिवसाचं पाणी

एकलहऱ्याच्या पुढे आमची कोंबड्यांची शेड आहे. पिल्लं पंधरा दिवसांची झाली की त्यांना पाण्यातून लस देतात. त्याआधी तास-दीड तास पाण्याची भांडी काढून घ्यायची, म्हणजे तहानलेली पिल्लं लसीचं पाणी झटकन संपवतात. गुरांच्या डॉक्टरांनी त्याचं कारणही सांगितलं होतं. पाणी कमी पडलं की रक्तात मीठ वाढतं, मेंदूतल्या इवल्याशा जागेला ते कळतं, आणि मग पिल्लाला दाण्याचीही शुद्ध राहत नाही. मी मान डोलावली. आपल्याला सगळं पटकन कळतं, असा तेव्हा माझा समज होता.

ती मी एकटीने सांभाळलेली पिल्लांची पहिली खेप. यात लुडबुड करायची नाही, असं मी नवऱ्याला बजावलं होतं. मे महिना होता. तो लस आणायला नाशिक रोडला गेला. लस घेऊन निघालो म्हणून त्याचा फोन आला आणि मी, जन्माची उतावळी, लगेच भांडी उचलली. वाटेत त्याची गाडी पंक्चर झाली.

दीड तास झाला, मग अडीच. पिल्लं चोची उघडून धापा टाकत होती, भांड्यांच्या रिकाम्या जागी टोचे मारत होती. सासूबाई दारात आल्या.

"पाणी पाज गं त्यांना. लय तडफडू राह्यले."

आत्ता पाजलं तर लसीला तोंड लावणार नाहीत, असं मी तोडून टाकलं. त्यांचा राग आला होता, कारण त्यांचं बरोबर होतं.

लस आली तेव्हा तीन तास उलटून गेले होते. सगळी भांडी भरून एकदम मांडायची, हे मला पाठ होतं. पण पिल्लांकडे बघवेना. पहिलं भांडं भरलं तसं आत ठेवलं आणि दुसरं भरायला वळले. शेडभरची पिल्लं त्या एका भांड्यावर तुटून पडली, थरावर थर. नवरा आणि मी दोन्ही हातांनी उपसत राहिलो.

खाली चेंगरून मेलेली टोपलीत टाकताना मी एकेकाची चोच बघत होते. भांड्याला चिकटलेल्या थोड्यांच्या ओल्या होत्या. बाकी सगळ्यांच्या कोरड्या.

"ही मी मारली," मी म्हटलं.

सासूबाई माझ्याशेजारी बसून पिल्लं उचलत होत्या. त्यांनी नाही म्हटलं नाही.