पवईच्या काठावरचा नियम

बाळांनो, तुमचा गळ टाकून बसलेला फोटो आला, म्हणून हे लिहिते. मी नऊ वर्षांची असताना बाबांबरोबर घाटकोपरहून पवई तलावावर जायची. हिंग घातलेल्या कणकेची गोळी गळाला लावली की एकच नियम असे: एक अक्षरही बोलायचं नाही.

एकदा गळ पाणगवतात अडकला. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्यांच्यामागे तरंगणारा एक ओंडका हळूच सरकला. नियम मोडू की नको, कळेना. शेवटी किंचाळले, "बाबा, मगर!"

ते धडपडत काठावर आले. वळून पाहिलं, तर ओंडका नव्हता.

"तलावातले सगळे मासे पळवलेस ना गं!" माझा हात घट्ट धरून ते म्हणाले.

तेव्हा मला ते रागावलेले वाटले. आज त्या हाताची थरथर आठवते. त्यांच्या गळाची दोरी गुंडाळायचं पितळी रीळ माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. अजून फिरतं.