हिंदुरावतात्यांच्या दावणीची दोन इंजिनं

तासगावच्या आसपास बैल घ्यायचा झाला की माणसं आधी पैशाची जुळणी करायची आणि मग हिंदुरावतात्यांची. तात्या बाजारात नुसते हिंडले तरी व्यापारी आपापल्या बैलांच्या अंगावरून हात फिरवायला लागत. बैलाचे दात बघून वय, खांदा बघून ताकद आणि डोळे बघून स्वभाव सांगणारा हा माणूस. चाळीस वर्षांत त्यांचा अंदाज चुकला तो एकदाच, आणि तो बैलाच्या बाबतीत नव्हे. फियाटच्या बाबतीत.

फियाट चौऱ्याहत्तर सालची, सांगलीच्या एका वकिलांकडून घेतलेली. तात्या तिला गाडी म्हणत नसत. "ती दमलीया", "ती आज नाराज हाय" असंच त्यांचं बोलणं. पंच्याण्णव सालच्या आषाढात सांगलीहून परत येताना ती तापली. समोरून वाफा निघायला लागल्या. शेजारी बसलेले त्यांचे जुने सोबती दादासो म्हणाले, "तात्या, थांबा, पानी घाला तिला."

"खुळा का काय तू?" तात्या म्हणाले. "तापल्या जनावराला कवा पानी पाजत्यात व्हय? छाती भरती त्याची. घरी निऊन सावलीला बांदू, मग पाजू."

तिला घरापर्यंत तशीच दामटली. अंगणात ती एकदा खोकली आणि गप्प झाली ती झालीच. सांगलीहून नाथाजी मेस्त्री आला, झाकण उघडलं, आत बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "तात्या, इंजिन तडकलं. आता दुसरंच बसवाय लागणार."

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत. इंजिनाचं दुःख होतंच, पण खरं दुःख माजघरात होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बायको शालूबाई द्राक्षाच्या बागेत शिडीवरून पडल्या आणि त्यांचा कणा दुखावला. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, धक्का बसता कामा नये. एकदा हट्टानं वडापच्या, माणसं कोंबलेल्या जीपमधून गेल्या आणि आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. कुठं जायचं तर फियाटनंच. आणि जायचं होतं. शिराळ्याला त्यांचा धाकटा भाऊ आकाराम, त्याचं एक अंग वाऱ्यानं गेलं होतं. नागपंचमी चार आठवड्यांवर आली होती. गेली दोन वर्षं त्या पंचमीला माहेरी गेल्या नव्हत्या; भाऊच यायचा. आता त्याला येणं नव्हतं.

शालूबाई मात्र त्यांनाच जेवायचा आग्रह करत राहिल्या. तो आग्रहच तात्यांना बैल हाकायच्या पराणीसारखा टोचत होता.

नाथाजीनं दोन इंजिनं शोधली. एक डिझेलचं, मोडीत काढलेल्या टेम्पोचं. दुसरं पेट्रोलचं, सांगलीतल्या एका डॉक्टरांच्या फियाटचं. ती गाडी मागून ठोकली होती, पण इंजिनाला खरचटलंही नव्हतं. दादासोंचं मत तयारच होतं. "डिझेल घ्या तात्या. सगळा तालुका डिझेल बसवतुया. पेट्रोल म्हंजे दावणीला हत्ती बांदल्यागत हाय."

शालूबाईंनीही आतून आवाज दिला, "डिझेलच घ्या. सस्तात जातंय. मला काय, नुसतं बसायचंच तर हाय."

तात्यांनी नाथाजीला विचारलं, "दोन्ही दोन-दोन दिवस दावणीला ठेवशील का?"

"म्हंजे?"

"म्हंजे माझ्या गोठ्यात. नवं जनावर दोन दिवस घरी बांदल्याबिगर मी कुनाला घ्या म्हनत न्हाई. बाजारात सगळीच साधी असत्यात. खोड घरी आल्यावर कळती."

नाथाजीनं वीस वर्षांत असलं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं. पण तात्यांनी त्याच्या सासऱ्याला एकदा बैलजोडी निवडून दिली होती आणि ती अजून औताला चालत होती. तेव्हा ट्रॉलीतून दोन्ही इंजिनं आली, गोठ्यात बाभळीच्या ओंडक्यांवर कसून बांधली गेली, बॅटरी आली, पाण्याचा ड्रम आला. पलीकडच्या म्हशीनं चारा सोडला. तात्या इंजिनांभोवती फिरले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "दात दाखीव." नाथाजीनं हसू दाबत मागच्या चाकाचे दाते दाखवले. तात्यांनी ते बोटानं एकेक चाचपले. "डॉक्टरचं जास्त झिजलंय. पर घासून झिजलंय, मार खाऊन न्हाई."

चौथ्या दिवशी निकाल द्यायचा होता. गोठ्याबाहेर दहा-बारा माणसं जमली. नाथाजी म्हणाला, "तात्या, सांगा आता."

"मी कोन सांगनार?" तात्या म्हणाले. "मालकीन आल्याबिगर न्हाई."

हा त्यांचा नेम होता. सौदा पक्का व्हायच्या आधी घरच्या बाईनं बैलाच्या पाठीवर हात ठेवायचा. बैलानं अंग चोरलं तर बैल परत, मग तो कितीही देखणा असो. बाजारात लोक याला हसत, पण बायकोला विचारून बैल घेत.

शालूबाई कमरेला पट्टा बांधून, भिंतीचा आधार घेत आल्या. "आवं, इंजिनाला काय हात लावायचा? लोकं हासत्यात."

"हासू दे. ठेव हात."

डिझेलचं इंजिन सुरू झालं. धडाड् धडाड् करत ओंडके हलले, पत्र्यावरची चिमणी उडाली. शालूबाईंनी तळवा टेकवला आणि त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या खळाखळा वाजायला लागल्या. त्या हसल्या. मोठ्यानं म्हणाल्या, "लय चांगलं हाय!"

माणसं त्यांचं तोंड बघत होती. तात्या त्यांचा डावा हात बघत होते. तो कुणाच्या नकळत कमरेवर गेला होता.

मग डॉक्टरांचं इंजिन. ते सुरू झालं की नाही हे कळायला नाथाजीला कान लावावा लागला. शालूबाईंनी हात ठेवला. बांगड्या गप्प. त्या तशाच उभ्या राहिल्या आणि आपला हात तिथं आहे हे विसरूनच गेल्या. डावा हात पदराशी चाळा करत होता.

"हे म्हाग पडंल," त्या शेवटी म्हणाल्या.

"हेच घ्याचं," तात्या म्हणाले.

दादासो तडकले. "तात्या, लय पितंय ते! बैलानं अंग चोरलं तर परत, आसा तुमचाच नेम ना? डिझेलनं कुठं चोरलं?"

"त्यानं न्हाई चोरलं," तात्या शांतपणे म्हणाले. "मालकिनीनं चोरलं."

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला. तात्यांनी लगेच खांद्यावरचा टॉवेल नाथाजीच्या हातावर टाकला आणि बैलबाजाराच्या रिवाजानं आतून त्याची बोटं दाबून किंमत सांगायला लागले. नाथाजी बिचारा सांगलीचा. "तात्या, गुदगुल्या हुत्यात हो!" म्हणून खिदळायला लागला. शेवटी तोंडानंच सौदा झाला.

पंचमीच्या आदल्या दिवशी, भावाचा उपास धरून, शालूबाई मागच्या सीटवर दोन उशा घेऊन बसल्या. आष्टा गेलं. इस्लामपूर गेलं. तात्या दर मैलाला विचारत, "दुखतंय का गं?" आणि त्या म्हणत, "आवं, म्होरं बघून चालवा." पेठ नाक्याच्या पुढं तात्यांनी विचारलं तर उत्तर आलं नाही. त्यांचा जीव घाबरा झाला. आरशात बघितलं. शालूबाई झोपल्या होत्या. मान उशीवर, तोंड थोडं उघडं. दोन वर्षांत त्यांना अशी झोप लागलेली तात्यांनी बघितली नव्हती. अर्धा तास झाला की कळ यायची आणि त्या उठून बसायच्या.

शिराळ्यात आकारामचं घर रस्त्यालाच. तो दारात खुर्ची टाकून वाटच बघत होता. गाडी दिसताच त्यानं चांगला हात वर केला. तात्यांनी गाडी हळू केली, ओठांवर बोट ठेवलं, मागच्या सीटकडे खूण केली आणि पुढं गेले. थेट कोकरूडपर्यंत. तिथून वळले, परत आले. आकारामनं पुन्हा हात वर केला. तात्यांनी पुन्हा बोट ठेवलं आणि पेठच्या दिशेनं निघून गेले. डॉक्टरांचं इंजिन गपगुमान पेट्रोल पीत होतं. पिऊ दे, तात्या मनात म्हणाले.

तिसऱ्या फेरीला सगळी आळी रस्त्याला उभी होती. बाया, पोरं, म्हातारे, कुणी हूं की चूं करत नव्हतं. आकाराम मात्र, दुखण्यानंतर पहिल्यांदाच, खुर्चीचा हात धरून उठला होता. जीभ जड झालेली, तरी त्यानं सगळा जोर लावून हाक मारली, "आक्का!"

शालूबाई दचकून जाग्या झाल्या. "आलं व्हय शिराळं? लई लवकर आलं की!"

"आलं," तात्या म्हणाले.

"आन् येवढी मानसं कशाला हुबी हायत?"

"तुज्या भावाला हुबं ऱ्हायलेलं बघाय."

शालूबाईंनी मान वळवून बघितलं. दार उघडायला तात्या धावले, पण तोवर त्यांनी स्वतःच ते उघडलं होतं.