अकराशे चाळीस पायांची मापं

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे मापकाकू म्हणत. सतरा वर्षं तिचं काम एकच: कापून उरलेल्या पायाचं माप घ्यायचं, प्लास्टरचा साचा काढायचा, आकडे कॉम्प्युटरात भरायचे आणि साचा फोडून टाकायचा. साचे ठेवायला जागा नव्हती, आणि मापं कॉम्प्युटरात असताना साचे हवेत कशाला? मापं शोधणारी स्क्रिप्टही, म्हणजे तो छोटा प्रोग्रॅमही, तिनेच लिहिली होती, चाळिशी उलटल्यावर क्लास लावून. कारखान्यात तेवढं डोकं दुसऱ्या कुणाला नव्हतं, हे सांगायला ती लाजत नसे.

आज सकाळी त्या स्क्रिप्टने मान टाकली. कुणाचाही नंबर घातला की एकच ओळ: डेटाबेसशी जोडणी होत नाही. बाहेर बाकावर एक निवृत्त शिक्षिका मोडलेला पाय पिशवीत घालून बसल्या होत्या.

"मापकाकू, सापडला का माझा पाय?"

"बसा हो बाई. पळून जातोय का तो?"

"एकदा गेलाय, म्हणून विचारते."

मापकाकूने पासवर्ड तीनदा तपासला. बरोबर. शेवटी तिने सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावला. गेल्या आठवड्यात कारखान्याची वेबसाइट, आणि तिच्यासोबत ही स्क्रिप्ट, नव्या सर्व्हरवर त्यानेच हलवली होती.

"काकू, आमच्याकडे सगळं ठीक आहे. पान उघडतंय ना?"

"उघडतंय. नुसत्या पानाला काय चाटू?"

मग तिने आपलीच स्क्रिप्ट ओळ न ओळ वाचली. वरतीच डेटाबेसचा पत्ता होता: लोकलहोस्ट. म्हणजे, तू ज्या मशीनवर आहेस तिथेच शोध. जुन्या मशीनवर स्क्रिप्ट आणि मापांचा डेटाबेस एका छपराखाली नांदत होते, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्या घरी स्क्रिप्ट एकटीच गेली होती.

तिचा जीव भांड्यात पडला. पत्ता बदलला की झालं. तिने जुन्या मशीनचा पत्ता घातला. उत्तर नाही. वायर निघाली असेल म्हणून ती तळघरात उतरली. टेबलावरच्या धुळीत एक स्वच्छ चौकोन तेवढा उरला होता.

"माझं मशीन कुठंय?" तिने भांडारवाल्याला विचारलं.

"शुक्रवारी भंगारात गेलं. डिस्कला भोकं पाडून, नियमाप्रमाणे. सही तुमचीच आहे, काकू."

होती. नव्या सर्व्हरवर पहिलं पान उघडलं, फोटो दिसले, आणि जुनं मशीन मोडीत काढायला तिने सही ठोकली. एक नंबर घालून पाहायला कितीसा वेळ लागला असता? बॅकअप रोज व्हायचा, अगदी न चुकता, त्याच डिस्कवर. दुसरी किल्ली घरात ठेवून घराला कुलूप लावणाऱ्यांना ती जन्मभर हसत आली होती.

ती वर आली तसं बाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "गेला?"

"सगळ्यांचे गेले."

नुसते आकडे नव्हते ते. कुणाला डावीकडे टोचतं, कुणाचा पाय दुपारी सुजतो, सगळं पाच-पाच खेपा घालून कळलेलं. आता अकराशे चाळीस जणांना परत बोलवायचं. माणसं येत ती पाय मोडल्यावर. मापासाठी येणार ती कशाच्या बळावर?

"पुन्हा माप घेते," ती म्हणाली.

"मागच्या खेपेला पाय नीट बसायला वर्ष लागलं होतं. आता माझ्याकडे तेवढी वर्षं शिल्लक आहेत का, ते बघा."

मापकाकूने टेप उलगडली. बाईंनीच टेपचं टोक धरलं. आकडा लिहायला कागद हवा होता. मापांची वही तर कारखान्यात कधीच बंद झाली होती. तिने इकडेतिकडे पाहिलं, पिशवीतून मोडका पाय काढला आणि आकडा त्याच्यावरच लिहिला.